सुईत थिजलेलं

सिरिंजचा दट्ट्या हलेना. दीपमालाने अंगठ्याचा दाब थोडा वाढवला, तरी तो जागचा सरकला नाही. केसासारख्या बारीक सुईच्या टोकावर थेंबसुद्धा आला नाही. समोर टेबलावर पांढऱ्या पंचात गुंडाळलेला ससा शेखरच्या हातांत निमूट पडून होता. त्याच्या डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून झाले होते, पापण्या तारेच्या चिमट्याने फाकवलेल्या होत्या, आणि तो गुलाबी डोळा कुठेच बघत नव्हता. 'झालं का मॅडम?' शेखरने विचारलं. तो इथला पशुवैद्य, अकोल्यातल्या या प्राणिगृहातले सगळे ससे त्याच्या ताब्यात. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. वीज गेली होती, आणि जनरेटर सुरू करायला गेलेला माणूस अजून परतला नव्हता. दीपमालाने सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली. आतलं औषध पाण्यासारखं पातळ, नितळ असायला हवं होतं. ते दुधट दिसत होतं, आणि सिरिंज उलटी केली तरी वाहत नव्हतं. सशाच्या डोळ्यात शिरल्यावर जे व्हायला हवं होतं, ते बाहेरच, तिच्या मुठीत होऊन गेलं होतं. औषध सुईतच थिजलं होतं.

'दुसरी भरू?' शेखर म्हणाला.

'नको. तिचंही हेच होईल.'

'लाइन येऊ द्या ना मॅडम. एसी सुरू झाला की करू. चालते तेवढं.'

'एसी असेल तिथे चालेल,' ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला बोलवेना. तिने सशाच्या पापण्यांचा चिमटा काढला. सशाने एकदा डोळा मिटला, उघडला, आणि शेखरच्या कोपरात तोंड खुपसलं.

अमरावतीच्या औषधनिर्माण महाविद्यालयात तिची प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या यंत्रांसाठी वातानुकूलन अखंड चालू असे. मार्चमध्येही ती तिथे स्वेटर घालून बसायची. त्या गारव्यात तिने तीन वर्षं हे जेल घडवलं होतं. थंड असताना पातळ, अंगाच्या उबेला आलं की घट्ट. घट्ट झालं की त्याच्या आत एक बारीक जाळी तयार व्हायची, त्या जाळीत प्रथिनाचं औषध अडकून राहायचं आणि महिनोन्‌महिने हळूहळू झिरपायचं. प्रथिन गिळून चालत नाही, पोट ते पचवून टाकतं. म्हणून टोचावं लागतं, आणि टोचलेलं लवकर संपतं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. तिच्या जेलने सुया कमी होणार होत्या. शरीर उबदार आणि बाहेर थंड, एवढंच त्यामागचं गृहीत. ते तिने कुठल्या तरी बर्फाळ गावातल्या शोधनिबंधातून जसंच्या तसं उचललं होतं. तपासून बघावं असं तिला सुचलंच नव्हतं. अकोल्यात जन्मलेल्या, मे महिन्याच्या दुपारी ओल्या गोणपाटावर पालथं पडून अभ्यास केलेल्या बाईला. इथे उन्हाळ्यात बाहेरचं जग माणसाच्या रक्तापेक्षा गरम असतं हे तिच्या पाठीला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं.

हात धुऊन ती बाहेर आली तेव्हा दुपार नुकती चढत होती. आजचा सगळा दिवस सशांसाठी ठरलेला होता, संध्याकाळच्या एसटीने परतायचं होतं. आता करण्यासारखं काही नव्हतं. जेल गार ठेवायला आणलेली हातातली बर्फाची पेटी एकाएकी निरर्थक, बाजारातून चुकून उचलून आणल्यासारखी वाटू लागली. बाबांकडे जावं, असा विचार आला, आणि त्याच्या मागोमाग एक ओशाळलेपण आलं. कारण या सशांपायी ती हिवाळ्यापासून अकोल्याला येत होती, आणि दोनदा घरी न जाताच परत गेली होती. मूर्तिजापूर ओलांडल्यावर बाबांना फोन करून, जणू अमरावतीहूनच बोलतेय अशा आवाजात, तिने जेवण झालं का म्हणून विचारलं होतं. खोटं असं ती काही बोलली नव्हती. बाबांनी कुठून बोलतेस म्हणून विचारलंच नव्हतं.

रिक्षात बसल्यावर उन्हाचा झोत तोंडावर आला तसे तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांत तिला बाबांचं टेबल दिसलं. बाबा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेले कालवे, बंधारे, चाऱ्या पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे. वलगावकडचं पेढी नदीचं खोरं त्यांनी इतक्यांदा उतरवलं होतं की, त्या भागात कधीच न राहिलेल्या माणसाला तिथला ओढा अन् ओढा पाठ होता. काम जास्त असलं की ते गुंडाळ्या घरी आणत. आई, पंचफुला तिचं नाव, अंजनगाव सुर्जीच्या माहेराहून आणलेली पितळी समई गुंडाळीच्या एका टोकावर ठेवी, दुसऱ्या टोकावर लहानगी दीपमाला तळहात दाबून बसे. 'हालू नको, दीपा. रेघ चालली हाय,' बाबा म्हणत, आणि ती श्वाससुद्धा धरून ठेवी. पट्टीच्या कडेने काळी ओली रेघ सरकत जायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची, आणि पट्टी उचलल्यावर बाबा नाकाने हळूच हवा सोडायचे. त्यांना कशाची भीती वाटत असेल अशी शंकासुद्धा तिला तेव्हा आली नव्हती, नंतरही नाही. आई गेली त्या दिवशीही आल्यागेल्यांना खुर्च्या त्यांनीच मांडून दिल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला होता. 'दीपा, विजेचे खांब वाकडे दिसून राह्यले. खांबच वाकले का माह्याच डोया?' डोळाच होता. पडद्यामागे नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढत होत्या आणि पाझरत होत्या. डावा डोळा तोवर गेलाच होता. उजव्याने सांभाळून घेतल्यामुळे त्यांना पत्तासुद्धा लागला नव्हता. उजवा वाचवायचा तर दर महिन्याला त्यात इंजेक्शन घ्यायचं. औषध पुन्हा प्रथिनाचंच. तिचं जेल तोवर कुठल्याही औषधासाठी होतं, त्यानंतर तिने डोळा निवडला. कॉलेजात सगळे म्हणू लागले, मॅडम वडिलांसाठी करताहेत. तिने ते खोडून काढलं नाही. सुरुवातीला ती दर महिन्याला सुट्टी काढून यायची, बाबांना दवाखान्यात न्यायची. मग ससे सुरू झाले, आणि बाबा फोनवर म्हणाले, 'तू नको येऊ आता. मनकर्णाबाई येते संग. दवाखाना काही लांब नाई.'

दार उघडंच होतं. बाबा बाजेवर बसले होते, बनियनवर, हातात ओला रुमाल. तिची चप्पल वाजली तसं त्यांनी मान वळवली. 'कोन?'

'मी, बाबा.'

'दीपा?' ते हसले. तोंडभर हसले. पण त्यांची नजर तिच्या तोंडावर नव्हती. ती तिच्या डाव्या खांद्यावर, खांद्यापासून वीतभर बाहेर कुठेतरी होती. हसू नेमकं तिच्यासाठी आणि नजर दुसऱ्याच कुणासाठी, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या अदृश्य बाईसाठी. दीपमाला उंबरठ्यावरच थांबली. हे तिला माहीत होतं. ती वर्गात शिकवायची हे. नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेने बघायला लागतो. ज्याला बघायचं त्याच्या बाजूला बघतो, म्हणजे तो थोडासा तरी दिसतो. फळ्यावर आकृती काढून, मधलं वर्तुळ खडूने भरून तिने ते कितीदा सांगितलं होतं.

'ये ना. उनात काहून उभी? काही सांगावा नाई, फोन नाई.' ते उठले, भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघराकडे गेले, माठातून पाणी घेऊन आले. ग्लास त्यांनी तिच्यापुढे केला तो थोडा बाजूला. तिने हात लांबवून घेतला. पाणी पिताना तिला जाणवलं, आपण प्रश्न लांबवतो आहोत. जोवर ग्लास ओठाला आहे तोवर बाबांचा डोळा मागच्या भेटीत होता तसाच आहे.

त्याच वेळी मनकर्णाबाई आल्या. शेजारच्या, बाबांच्याच वयाच्या, पदराखाली भाकरी झाकून. 'जयभीम बाई, कवा आली? बरं झालं आली. यायले समजाव जरा. भाजीत मिठाऐवजी सोडा टाकून राह्यले, कालची गोष्ट.'

'काकू, मागच्या वेळी दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाल्या?' दीपमालाने विचारलं.

'कोन्त्या दवाखान्यात?' मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, भाकरी ताटलीत ठेवली, पदर सारखा केला. 'मी येतो मंग. दूध हाय शेगडीवर,' म्हणून त्या निघून गेल्या.

छताचा पंखा गरम हवा खाली ढकलत होता. कूलरमधलं पाणी संपलेलं होतं, वाळ्याच्या जाळ्या सुकून खडखडीत झाल्या होत्या. दीपमालाच्या अंगात राग चढत गेला, आणि तो नेमका कुणावर हे तिला उलगडेना. 'किती महिने झाले?' तिने विचारलं. बाबांनी ओला रुमाल गुडघ्यावर पसरला, त्याच्या कडा जुळवल्या. बोटांना अजून सरळ घडी घालता येत होती.

'थंडी सरली तवापासून.'

'मग फोनवर काय सांगत होता मला? घेतलं म्हणून, बरं आहे म्हणून!'

'तुले तरास नको म्हून. तुह्यं काम चालू होतं. ससे होते तुहे. मनलं, पोरगी त्याच कामात हाय, आज ना उद्या तिचंच औषध येईन. दोन-चार महिन्यानं काय होते.'

'काय होते?' तिचा आवाज चढला. 'बाबा, एकच डोळा होता तुमच्याजवळ!'

त्यांनी रुमालाची आणखी एक घडी घातली. तिला स्वतःच्याच लेखणीतून उतरलेलं एक वाक्य आठवलं, प्रत्येक निधीच्या अर्जात, प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ती घालत असे ते. वारंवार इंजेक्शनं घ्यावी लागत असल्याने अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडतात. त्या वाक्यानंतर पूर्णविराम द्यायचा आणि जेलकडे वळायचं. अनेक रुग्ण. त्यांना चेहरे नव्हते, बनियन नव्हतं, ते गुडघ्यावर रुमालाच्या घड्या घालत बसलेले नव्हते. का सोडतात, हे तिने कधी लिहिलं नव्हतं. अंतर, पैसा, वेळ, सोबत नसणं, असं काहीबाही तिने मनाशी धरलं होतं. पण इथे तर दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता, निवृत्तिवेतन होतं, शेजारीण होती.

'फोन केला असता तर मी आलेच असते,' ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते खरं वाटेना.

'व्हय,' बाबा म्हणाले. रस्त्यावरून बर्फवाल्याची घंटा वाजत गेली. मग ते बोलू लागले, तिच्याकडे न बघता; आणि या वेळी न बघण्याचं कारण डोळा नव्हता. 'गेल्तो मी. येक डाव गेल्तो येकटाच. नंबर लावला. थेंब टाकले त्या बाईनं. बसलो. मंग आतून नाव पुकारलं, देवमन तायडे. मी उठलो, अन् बाहीर आलो. तिनं अजून येक डाव पुकारलं. मी पायरीवर उभा राहून आयकलं, अन् घरी आलो.'

'काहून, बाबा?'

'भेव लागलं.'

हा शब्द तिने त्यांच्या तोंडून ऐकला होता, पण तो नेहमी दुसऱ्यांचा असायचा. त्याले भेव लागते, तिले भेव लागते, तू भेऊ नको. स्वतःसाठी त्यांनी तो आज पहिल्यांदा उचलला होता, आणि तो त्यांच्या हातात नीट मावत नव्हता.

'सुई दिसते, दीपा. लोकायले वाटते, डोया गेला, याले काय दिसन. बाकीचं समदं पुसट झालं, पन ते दिसते. खालून येते, काया दोऱ्यावानी. अन् मंग आत शाईचा थेंब पडल्यासारकं होते. पसरते. हालते. दोन दिवस नदरेपुढून जात नाई.' त्यांनी रुमाल चेहऱ्यावरून फिरवला. 'तू राहे तवा बरं होतं. तू त्या डॉक्टरणीसंग बोलत राहे, जाळीचं, कितीक दिवसात किती औषध निंगते त्याचं. मले काई समजे नाई. पन आवाज ये. मी त्या आवाजाकडं ध्यान धरून पडो.'

दीपमालाला ती दुपार आठवली, तसल्या सगळ्या दुपारी आठवल्या. बाबा हिरव्या कापडाखाली, आणि ती पलीकडे उभी राहून डॉक्टर रागिणींशी उत्साहाने बोलते आहे, आकडे सांगते आहे, बाबांच्या अंगावरून, ते तिथे नसल्यासारखं. परतताना एसटीत तिला त्याची लाज वाटायची. आपण एकदाही बाबांकडे बघितलं नाही याची. आणि त्या बोलण्याला धरूनच हा माणूस तिथे पडून राहायचा. ती बाजेवर त्यांच्या शेजारी बसली. राग कुठे गेला ते कळलं नाही. तिने ताटली ओढली, भाकरी मोडली, आणि दोघांनी कालची वांग्याची भाजी आणि दूध-भाकर खाल्ली. भाजीत सोडा होता. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, ती त्यांना घेऊन गेली. डॉक्टर रागिणींनी तपासलं, पडद्याचं चित्र काढलं, आणि बाबांना बाहेर बसवून तिला आत बोलावलं. 'खूण पडली आहे मध्ये,' त्या म्हणाल्या. 'ती जाणार नाही. पण कडेला अजून पाझर आहे, म्हणजे वाचवण्यासारखं काही तरी आहे. वाचता येईल असं मी सांगणार नाही तुम्हाला. घरात हिंडता-फिरता येईल, माणूस ओळखू येईल, तेवढं धरून ठेवू.' मग त्यांनी विचारलं, 'तुमच्या जेलचं काय झालं?'

'उन्हात सुईतच थिजलं,' दीपमाला म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत.

आत जाताना बाबांनी चप्पल काढून भिंतीशी जोडीने लावली. टेबलावर आडवे झाले. तोंडावर हिरवं कापड आलं, त्याच्या भोकातून फक्त तो एक डोळा, फाकवलेला, वर छताकडे. हात कापडाखाली गेले होते. तिला धरता येण्यासारखे होते ते फक्त पाय. तिने पाहिलं तर पायांची बोटं आत वळून घट्ट आवळलेली होती, नखं पांढरी पडलेली. सशांच्या पायांकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं, ते पंचात गुंडाळलेले असत. तिने दोन्ही हातांनी बाबांचे पाय धरले. टाचा खरखरीत होत्या, भेगाळलेल्या, आणि एवढ्या उन्हाळ्यात थंडगार.

'बाबा, ऐका,' ती म्हणाली. 'काल काय झालं सांगते. माझं जेल आहे ना, ते थंडीत पातळ राहायचं आणि उबेत घट्ट व्हायचं, असं मी केलं होतं. काल लाइन गेली. आणि अकोल्याची हवा इतकी तापलेली, की त्याला वाटलं, आलंच शरीर.' डॉक्टरांचा हात खाली आला. बाबांच्या पोटऱ्या ताठ झाल्या. ती बोलतच राहिली, जरा मोठ्याने, जरा भराभर. 'सुईतच घट्ट बसलं. दट्ट्या दाबते, दाबते, काही येईना. आता उबेवर सोडूनच चालणार नाही. दोन पातळ औषधं वेगवेगळी ठेवायची, एकाच सुईतून जाताना ती एकमेकांत मिसळायची, आणि मिसळल्यावर आत जाऊन जमायची. मग बाहेर ऊन असो की थंडी. पण त्यात प्रथिन टिकतं का, ते मेलं तर झिरपून उपयोग काय, हे सगळं पुन्हा बघावं लागेल. पहिल्यापासून. तीन वर्षं गेली, बाबा. गेली म्हणजे गेलीच...' आपण कुणाला सांगतो आहोत, त्यांना की स्वतःला, हे तिला उमगेना. पण काल सिरिंज हातात घेऊन उभी असताना जे बोलवलं नव्हतं, ते आता सरळ बाहेर येत होतं.

'झालं,' डॉक्टर रागिणी म्हणाल्या.

पायाची बोटं लगेच सुटली नाहीत. एकेक करून सुटली, अंगठा शेवटी.

बाहेर पडल्यावर बाबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि त्यांनी तिचा दंड धरला होता. ऊन आता चांगलं तापलं होतं. रसवंतीच्या ताडपत्रीखाली दोघं बाकावर बसली. तिने रसाचा ग्लास त्यांच्या हातात दिला, बोटं त्याच्याभोवती बसली का ते पाहिलं आणि मग सोडला.

'थेंब पसरला का?' तिने विचारलं.

'पसरला. हालून राह्यला.' त्यांनी एक घोट घेतला. 'तुह्यं औषध कवा होईन मंग?'

तिने खोटं सांगायचं ठरवलं असतं तर ते सोपं होतं. 'माहीत नाही, बाबा. दहा वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही. झालं तरी तुमच्या डोळ्याला त्याचा उपयोग नाही व्हायचा.'

बाबांनी मान हलवली, साहेबाने नकाशा पुन्हा काढायला सांगितल्यावर हलवत तशी. 'कर तू. घाई नको करू,' ते म्हणाले. 'तवर मी हेच टोचून घेतो.' मग ग्लास मांडीवर टेकवून: 'पन मले येकट्याले नाई जमत, दीपा.'

पर्समधून मोबाइल काढून तिने शेखरला फोन लावला आणि सशांना आता आहेत तिथेच राहू दे, टोचायचं काही नाही, असं सांगितलं. त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही निघालात का, कुठे आहात?

'अकोल्यात आहे,' ती म्हणाली. 'बाबांजवळ.'